किल्लीचं घड्याळ रोज किती सेकंद चुकतं? फोनवर मोजायची रीत

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. किल्लीचं घड्याळ त्यातले दहा-वीस इकडचे तिकडे करणारच. ते नेमके किती करतं हा एक प्रश्न, आणि का करतं हा दुसरा. फोनवर या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळ्या जातीची ॲप्स मिळतात. एक जात घड्याळाचे ठोके माइकवर ऐकते आणि दोन मिनिटांत आकडा सांगते. दुसरी जात नोंदवहीसारखी असते: आज घड्याळ किती पुढे होतं, तीन दिवसांनी किती पुढे आहे, एवढंच टिपून भागाकार करते. बहुतेक जण ठोके ऐकणारं ॲप आधी उतरवतात, पडद्यावर +३५ (म्हणजे रोज ३५ सेकंद पुढे) बघून हबकतात आणि घड्याळ दुरुस्तीला नेतात. क्रम उलटा ठेवा. मनगटावरच्या घड्याळाचा खरा हिशेब नोंदवही देते; ठोके ऐकायचे ते त्या हिशेबाचं कारण शोधायला.

आधी नोंदवही

अँड्रॉइडवर वॉचचेक, शिवाय टूलवॉच अशी ॲप्स या कामाची आहेत. पण साधी वही आणि बरोबर वेळ दाखवणारा पडदा असला तरी काम होतं. प्रश्न बरोबर वेळेचा आहे. इंदूरला गांधी हॉलच्या घंटाघराकडे बघून घड्याळ लावण्याचे दिवस गेले. जवळच्या उज्जैनच्या वेधशाळेतलं सूर्यघड्याळ तर स्थानिक वेळ सांगतं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण इंदूरकर ७५.९ च्या आसपास, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने आपण सरासरी साडेसव्वीस मिनिटं मागे. प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते आणि ती इंटरनेटवरून मिळते. फोनमध्ये ‘स्वयंचलित वेळ’ चालू ठेवा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. मोबाइल नेटवर्कवरून आलेली वेळ सेकंदभर सरकलेली असू शकते, आणि सोमवारी अर्धा सेकंद पुढे असलेला फोन गुरुवारी अर्धा सेकंद मागे असेल तर तो सेकंद घड्याळाच्या माथी बसतो. ‘टाइम डॉट इज’ हे संकेतस्थळ तुमच्या फोनचं घड्याळ किती सरकलंय ते सेकंदाच्या अंशात दाखवतं. दोन्ही नोंदींच्या वेळी ते एकदा उघडून बघा.

नोंद घेताना घड्याळ सेकंदासह जुळवायची गरज नसते. एचएमटी जनतासारख्या घड्याळाची किल्ली ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे ते तसं जुळवताही येत नाही. फक्त फरक टिपायचा. सेकंदकाटा बरोबर १२ वर आला की ॲपचं बटण दाबा. दर वेळी १२ वरच. कारण डायलचा छाप आणि काट्याचा आस अनेकदा केसभर एकमेकांपासून सरकलेले असतात, आणि एकदा १२ वर, एकदा ५ वर वाचलंत तर अर्ध्या-एक सेकंदाची चूक तिथेच होते. डोळा डायलच्या बरोबर समोर हवा, तिरपा नको.

उदाहरण घ्या. सोमवारी रात्री ९ वाजता घड्याळ १२ सेकंद पुढे, गुरुवारी रात्री ९ वाजता ३९ सेकंद पुढे. सत्तावीस भागिले तीन, म्हणजे रोज +९ सेकंद. वेळ नेमकी पाळली नाही तरी चालतं: ६२ तासांत २२ सेकंद पुढे गेलं, तर २२ भागिले ६२ गुणिले २४, म्हणजे साधारण +८.५.

थोड्या वेळात निकाल काढायचा मोह मात्र टाळा. बटण दाबताना हाताची चूक ०.३ सेकंदांची सहज होते. दहा मिनिटांनी दुसरी नोंद घेतलीत तर ही चूक १४४ पटीने वाढून रोजचे ४३ सेकंद होते. चोवीस तासांनी घेतली तर ती ०.३ च राहते, तीन दिवसांनी ०.१. या काळात रोज एकाच वेळी किल्ली द्या, घड्याळ मनगटावरून उतरवून द्या, आणि किल्ली ओढून काटे हलवू नका. काटे एकदा फिरले की मागची नोंद बाद आणि गिनती पहिल्यापासून.

आलेला आकडा कशाशी ताडायचा? स्विस क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र रोज −४ ते +६ सेकंदांत चालणाऱ्या यंत्राला मिळतं, पण ती वेगळी जात आहे. सैको गटाच्या एनएच३५ या (घड्याळाच्या आत बसणाऱ्या) यंत्राला बनवणाराच −२० ते +४० ची मुभा देतो, मियोटा ८२१५ लाही तेवढीच. तेव्हा एनएच३५ चं घड्याळ रोज १५ सेकंद पुढे जात असेल तर ते बिघडलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीची एचएमटी अर्ध्या मिनिटाच्या आत असली तरी तिने लाज राखली म्हणायची.

आता ठोके ऐका

वॉच ॲक्युरसी मीटर हे अँड्रॉइडवरचं, टिकोप्रिंट अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवरचं. घड्याळजीच्या टेबलावर टाइमग्राफर नावाचं यंत्र असतं, त्याचंच काम ही ॲप्स फोनच्या माइकवर करतात. फरक असा की टाइमग्राफरचा सेन्सर घड्याळाच्या केसमधलं कंपन थेट पकडतो, आणि फोनचा माइक हवेतून आवाज ऐकतो. शिवाय फोनचा माइक माणसाचं बोलणं ऐकायला बनवलेला आहे. त्याच्या दृष्टीने घड्याळाची टिकटिक म्हणजे गाळून टाकायचा गोंगाट. ॲपमध्ये आवाज-सफाई किंवा ‘नॉइज सप्रेशन’ बंद करायची सोय असेल तर आधी ती बंद करा. ब्लूटूथ इअरफोन या कामाला निकामी. त्यांच्या माइकचा आवाज दाबून-कापून फोनपर्यंत येतो.

फोनचं कव्हर काढा. मुख्य माइक बहुतेक फोनमध्ये चार्जिंगच्या खाचेशेजारच्या बारीक भोकामागे असतो. शेजारची जाळी स्पीकरची, तिला फसू नका. जाड सतरंजीची किंवा टॉवेलची घडी घालून त्यावर फोन ठेवा, म्हणजे टेबलाची धडधड येत नाही. घड्याळ फोनच्या शेजारी डायल वर करून ठेवा आणि किल्ली माइकच्या भोकाला अगदी टेकवा. किल्लीची दांडी थेट यंत्रात जाते, त्यामुळे आवाज तिथून चांगला येतो. स्टीलचा पट्टा असेल तर त्याच्या कड्या वाजतात. पट्टा उघडा करून रुमालात गुंडाळा.

याहून चांगला निकाल वायरच्या इअरफोनवर मिळतो. वायरवरची माइकची छोटी गोळी घड्याळाच्या पाठीला रबरबँडने बांधली की आवाज कितीतरी स्पष्ट येतो, आणि घड्याळ हवं तसं उभं-आडवं ठेवता येतं. इंदूरच्या जेल रोडच्या मोबाइल बाजारात साधे वायरचे इअरफोन अजून मिळतात. फोनला गोल खाच आहे की सी-टाइप, तेवढं बघून घ्या. २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती (कंपनाची वीज करणारी) लावण्याचा सल्लाही बरेचदा दिला जातो. ती उत्तम ऐकते, पण फोनला सरळ जोडली तर माइक लावल्याचं फोनला कळत नाही. मध्ये छोटा ॲम्प्लिफायर लागतो.

खोली शांत हवी. पंखा, कूलर बंद. सकाळी मोजायला बसलात तर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते आणि आलेखाची राखरांगोळी होते. माळव्याची रात्र थंड म्हणून नावाजलेली आहे. अकरानंतर पंखा बंद करून बसणं मे महिन्यातही जमतं.

घड्याळाला पूर्ण किल्ली द्या आणि अर्धा-एक तास जाऊ द्या. किल्ली दिल्या दिल्या कमान जास्त ताणलेली असते आणि पहिला आकडा थोडा फसवा येतो. मग ॲपमध्ये दोन गोष्टी भरायच्या. एक, तासाला किती ठोके. एचएमटी जनता आणि बरीच जुनी स्विस घड्याळं १८,००० ची; एनएच३५, सैको ७एस२६ आणि मियोटा ८२१५ ही २१,६०० ची; ईटीए २८२४ आणि मियोटा ९०१५ ही २८,८०० ची. ॲप हा आकडा आपोआप ओळखतं म्हणतात, पण गोंगाटात चुकतं, म्हणून स्वतः भरा. माहीत नसेल तर सेकंदकाट्याचा स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि एका सेकंदात काटा किती उड्या मारतो ते मोजा: पाच म्हणजे १८,०००, सहा म्हणजे २१,६००, आठ म्हणजे २८,८००. दुसरी गोष्ट लिफ्ट अँगल: घड्याळाचा ताल धरणारं झुलतं चाक, म्हणजे बॅलन्स व्हील, एका ठोक्याच्या वेळी जेवढे अंश फिरतं तो कोन. एनएच३५ आणि ७एस२६ ला ५३ अंश, ईटीए २८२४ ला ५०, मियोटा ८२१५ ला ४९, ९०१५ ला ५१. ठाऊक नसेल तर ५२ वर ठेवा. रोजच्या सेकंदांच्या आकड्याला लिफ्ट अँगलने काही फरक पडत नाही, तो फक्त या चाकाच्या झोक्याच्या हिशेबात लागतो.

घड्याळ ठेवल्यावर वीस-तीस सेकंद थांबा आणि मग निदान दोन मिनिटं मोजा. दोन मिनिटांना कारण आहे. सेकंदकाट्याचं चाक मिनिटाला एक फेरी घेतं. त्याचा एखादा दात मळलेला किंवा वाकडा असेल तर घड्याळ मिनिटात कधी जोरात, कधी हळू चालतं. वीस सेकंदांत तुम्हाला त्या फेरीचा तुकडाच दिसतो.

पडद्यावर काय बघायचं

पडद्यावर तीन आकडे येतात, आणि फोनच्या बाबतीत तिघांचा भरवसा सारखा नाही.

पहिला रेट, म्हणजे या चालीने दिवसाला किती सेकंद. आलेखात ठिपक्यांच्या रेषा वर चढत गेल्या तर घड्याळ पुढे जातंय, खाली उतरल्या तर मागे पडतंय. हा आकडा फोन बऱ्यापैकी खरा देतो. दुसरा बीट एरर, मिलिसेकंदात. बॅलन्स व्हील एका बाजूला जाताना आणि परत येताना सारखाच वेळ घेतं का, ते हा आकडा सांगतो. आलेखात दोन समांतर रेषा दिसतात. त्यांच्यामधलं अंतर जितकं जास्त, तितकं घड्याळ लंगडतंय. एक मिलिसेकंदाच्या आत असेल तर विसरून जा. तीन-चारच्या वर गेलं तर किल्ली दिल्यावर घड्याळ आपणहून सुरू व्हायला कुरकुर करतं, झटका द्यावा लागतो.

तिसरा ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हीलचा झोका किती अंशांचा. डॉक्टरी दृष्टीने सगळ्यात कामाचा, आणि फोनवर सगळ्यात कमी भरवशाचा. एका ठोक्यात खरंतर तीन बारीक आवाज असतात: बॅलन्सची पिन पॅलेट फोर्कवर (बॅलन्स आणि चाकांच्या मधल्या दुबेळक्यावर) आदळते तो पहिला, एस्केप व्हीलचा (त्या फोर्कला ढकलणाऱ्या दातेरी चाकाचा) दात पॅलेटच्या खड्यावर धक्का देतो तो दुसरा, आणि पुढचा दात दुसऱ्या खड्यावर येऊन अडकतो तो तिसरा, सगळ्यात मोठा. पहिल्या आणि तिसऱ्यात किती वेळ गेला त्यावरून झोका काढतात. १८,००० च्या घड्याळात हे अंतर १२ मिलिसेकंद आणि लिफ्ट अँगल ५२ असेल तर झोका सुमारे २७६ अंश येतो. फोनला तिसरा आवाज नक्की ऐकू येतो, पहिला मात्र निसटतो. मग ॲप दुसऱ्यालाच पहिला समजतं, अंतर कमी मोजतं आणि झोका फुगवून ३८० वगैरे सांगतं. असा आकडा अशक्य आहे. ३३० च्या वर गेलं तर पिन फोर्कच्या पाठीवर आपटून घड्याळ सुसाट पळायला हवं. तेव्हा असा आकडा दिसला की माइकची जागा बदला. लिफ्ट अँगल चुकला तरी फरक पडतोच: ४९ च्या घड्याळाला ५२ भरलं तर खरा २७० चा झोका २८७ च्या आसपास दिसतो.

माइक नीट बसला असेल तर पूर्ण किल्लीवर, डायल वर ठेवून २७० ते ३१० हे चांगलं. जुन्या एचएमटीला २४० मिळाले तरी तक्रार नको. उभं धरल्यावर २०० च्या खाली जात असेल तर तेल सुकलंय, आणि अशा घड्याळाचा रेट ठीक करत बसण्यात अर्थ नाही, आधी सर्व्हिसिंग.

रेषांचा आकारही बोलतो. सरळ रेषा म्हणजे ठीक. सापासारखी नागमोडी असेल तर एका वळणाला किती वेळ लागतो ते मोजा. मिनिटाला एक वळण असेल तर सेकंदाचं चाक. १८,००० च्या घड्याळात दर ६ सेकंदांना वळण येत असेल तर एस्केप व्हील, कारण १५ दातांचं ते चाक ३० ठोक्यांत एक फेरी पुरी करतं. आणि पडद्यावर नुसता ठिपक्यांचा पाऊस असेल, तर घड्याळाला बोल लावण्याआधी पंखा खरंच बंद आहे का ते बघा.

फोनच खोटं बोलत असेल तर

फोन आवाजाचे नमुने आपल्या क्वार्ट्झच्या तालावर घेतो, आणि तो तालही नेमका नसतो. दशलक्षात एका भागाची चूक म्हणजे दिवसाला ०.०८६ सेकंद, वीस भागांची चूक असेल तर पावणेदोन सेकंद. +३० च्या घड्याळाला याने काही बिघडत नाही, +३ च्या घड्याळाला बिघडतं. बऱ्याच ॲप्समध्ये कॅलिब्रेशनची सोय असते आणि क्वार्ट्झ घड्याळाचा ठोका ऐकवा असं सांगितलं जातं. इथे एक मेख आहे. आजची बहुतेक क्वार्ट्झ घड्याळं मुद्दाम किंचित जलद चालणारी बनवतात आणि ठरावीक वेळाने, अनेकदा मिनिटातून एकदा, काही स्पंदनं गाळून हिशेब जुळवतात. त्यामुळे ४० सेकंदांचं कॅलिब्रेशन चुकतं. पुऱ्या मिनिटांच्या पटीत, पाच-दहा मिनिटं ऐकवा.

याहून भरवशाचा उपाय घरातच आहे. किल्लीचं घड्याळ चोवीस तास डायल वर करून एका जागी ठेवा. नोंदवहीने त्याचा रेट काढा. त्याच काळात चार-पाच वेळा ठोके ऐकून त्यांची सरासरी घ्या. दोन्हींत दर वेळी तीन सेकंदांचा फरक येत असेल तर तो तुमच्या फोनचा. ॲपमध्ये भरून टाका.

सहा बाजू

टेबलावर +५ दाखवणारं घड्याळ मनगटावर −६ का देतं, याचं उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. बॅलन्स व्हीलचा समतोल किंचितही बिघडलेला असेल तर उभ्या स्थितीत त्याचा जड भाग रेट बदलतो, आणि आडव्या स्थितीत तो लपून राहतो. म्हणून डायल वर, डायल खाली, आणि किल्ली वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा सहा बाजूंनी प्रत्येकी दोन मिनिटं मोजा. दर वेळी बाजू बदलल्यावर अर्धा मिनिट थांबा. ऑटोमॅटिक घड्याळाचा रोटर (हाताच्या हालचालीने फिरून किल्ली देणारं वजन) स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. डायल वर आणि डायल खाली यांत मोठा फरक आला तर बॅलन्सच्या दांड्याचं एक टोक झिजलेलं असू शकतं. हे काम घड्याळजीचं.

या आकड्यांचा एक फुकटचा फायदा आहे. समजा, दिवसा १६ तास हातात असताना घड्याळ +६ च्या चालीने जातं, म्हणजे ४ सेकंद पुढे. आणि किल्ली वर ठेवून ते −१२ ने चालतं. रात्री ८ तास तसं उभं करून ठेवलं तर ४ सेकंद परत येतात. झाकण न उघडता हिशेब शून्यावर.

पेच फिरवण्याआधी

कालपर्यंत नीट चालणारं घड्याळ आज एकदम रोज पाच मिनिटं पुढे जायला लागलं, तर हेअरस्प्रिंगला (बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व आलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड होते, चाल वाढते. स्पीकर, चुंबकी फ्लिप कव्हर, पर्सचं चुंबकी बटण, काहीही पुरतं. साधं होकायंत्र घड्याळावर धरून घड्याळ हळू फिरवा. सुई त्याच्या मागे ओढली गेली तर निदान पक्कं. चुंबकत्व घालवायच्या यंत्राचं बटण घड्याळ जवळ असताना दाबायचं, दाबूनच हात सावकाश दोन फुटांवर न्यायचा आणि मग सोडायचं. जवळच सोडलंत तर घड्याळ होतं त्याहून जास्त भारलं जातं.

चुंबकत्व नाही, झोका चांगला, बीट एरर कमी, सहा बाजूंत फार फरक नाही, आणि तरीही घड्याळ रोज ठरल्याप्रमाणे २० सेकंद पुढे, अशा वेळीच रेग्युलेटरला, म्हणजे चाल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, हात लावा. पाठीचं झाकण उघडलं की बॅलन्सच्या पुलावर (बॅलन्स व्हील वरून धरणाऱ्या पट्टीवर) + आणि −, किंवा एफ आणि एस, किंवा ए आणि आर अशी खूण असते. ए म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे. ईटीएसारख्या यंत्रांत तिथे दोन दांड्या असतात: एक रेटची, दुसरी बीट एररची. ॲप चालू ठेवूनच काम करा. दांडी हलवल्यावर रेषांचा उतार बदलायला हवा. उतार तसाच आणि दोन रेषांमधलं अंतर वाढलं, तर तुम्ही चुकीची दांडी ढकललीत. बऱ्याच जुन्या यंत्रांत बीट एररची दांडी नसतेच. तिथे ती चूक काढायला हेअरस्प्रिंगचा मधला कॉलेट (तिचं आतलं टोक धरणारी बारीक कडी) फिरवावा लागतो आणि त्या वाटेला घरी जाऊ नये.

ढकलायला टोकदार केलेली लाकडी काडी घ्या, लोखंडी चिमटा नको. दांडी डोळ्याला जेमतेम दिसेल इतकीच सरकवा. तेवढ्यानेही बरेच सेकंद फिरतात. काडी घसरून हेअरस्प्रिंगला लागली तर पुढचं काम दुकानातच. पंखा याही वेळी बंद ठेवा, या वेळी धुळीसाठी. झाकण लावताना रबरी रिंग खाचेत नीट बसली आहे ना ते बघा, नाहीतर पहिल्याच पावसात काचेला आतून घाम सुटतो. मग घड्याळ हातात घाला आणि तीन दिवसांची नोंद नव्याने सुरू करा. झाकण लावून मनगटावर चढल्यावर रेट दोन-चार सेकंद सरकतोच, आणि शेवटचा केसभर धक्का त्या नोंदीवरून द्यायचा असतो.